मूल, गलगंड आणि मीठ

नवी पेठेतील ज्या किराणा दुकानातून आमच्या घरी तीन पिढ्या सामान येत आहे, त्या दुकानाच्या पायरीवर आमच्या लहानपणी खडे मिठाचे एक पोते सदैव उघडे ठेवलेले असे. रात्री दुकानाच्या फळ्या लावून मालक घरी जात, पण ते पोते आत ओढण्याचे कष्ट कोणी घेत नसे. मीठ चोरणारा चोर बहुधा आमच्या पेठेत अजून जन्मास यावयाचा होता. पावसाळ्यात त्या मिठाला पाणी सुटे, उन्हाळ्यात त्यावर रस्त्याची धूळ बसे, आणि आमची आजी ते घरी आणून, निवडून, धुवून, उन्हात वाळवून चिनी मातीच्या बरणीत भरून ठेवी. गेल्या महिन्यात त्याच दुकानात आम्ही गेलो असता त्या मालकांच्या नातवाने गुलाबी मिठाची एक सुबक पिशवी आमच्यापुढे केली. "घ्या की सर, बिनकेमिकलचं हाय. आयोडीन-बियोडीन काही नाही ह्यात." किंमत नेहमीच्या मिठाच्या कितीतरी पट होती. आम्ही पिशवी परत ठेवली आणि नेहमीचे मीठ घेऊन घरी आलो. परंतु आयोडीन नसणे हा एखाद्या जिनसाचा गुण म्हणून सांगण्यात यावा, ही गोष्ट आमच्या मनातून जाईना. ज्या द्रव्यासाठी शंभर-दीडशे वर्षे शास्त्रज्ञांनी वाद घातले आणि जे मुलांच्या तोंडात पडावे म्हणून सरकारांनी कायदे केले, ते आता सुशिक्षितांच्या घरातून पैसे देऊन बाहेर काढले जात आहे! हे कसे झाले, हे पाहावयाचे तर थोडे मागे जावे लागेल.

इतिहासाच्या अध्यापकाने वैद्यकात लुडबूड करू नये, हे आम्हांस मान्य आहे. तथापि या विषयाशी आमचा संबंध ग्रंथांतून आला नाही. आम्ही ज्या वाड्यात वाढलो तेथे आमच्याच वयाची एक मुलगी होती. सहा-सात वर्षांची होईपर्यंत ती आमच्याहून चपळ होती. चिंचोके व बिट्ट्या आम्ही तिच्याकडूनच हरत असू. पुढे तिची उंची खुंटली. चेहरा सुजल्यासारखा दिसू लागला, कातडी कोरडी पडली, आवाज घोगरा झाला. माघाच्या थंडीत ऊन डोक्यावर आले तरी तिला शाल सोडवत नसे. वर्गात ती पेंगे. त्याबद्दल शाळेत छडी आणि घरी 'आळशी', 'मंद' ही विशेषणे तिच्या वाट्यास येत. गळा जरा भरलेला दिसे, म्हणून घरातील वडीलधाऱ्यांनी ही गंडमाळ आहे असे ठरवून गळ्यात काळा गंडा बांधला. गंडास गंडा, असा शब्दसाम्याचा तो उपचार होता. तिच्या बाराव्या वर्षी घरातील दुसऱ्याच कोणाच्या तापासाठी आलेल्या एका डॉक्टरांनी तिला जवळ बोलाविले, गळ्यावर बोटे ठेवून आवंढा गिळावयास सांगितले आणि रक्त तपासावयास पाठविले. मग रोज सकाळी एक बारीक पांढरी गोळी सुरू झाली. वर्षभरात तिचे सगळे फ्रॉक आखूड पडले, आणि बिट्ट्यांचे वय उलटून गेले असले तरी पत्त्यांच्या डावात आम्ही पुन्हा हरू लागलो. शाळेतील चार वर्षे मात्र गेली ती गेलीच.

गळ्याच्या पुढील अंगास, श्वासनलिकेला बिलगून, फुलपाखराच्या आकाराची जी ग्रंथी असते तिला शास्त्रीय मराठीत अवटु ग्रंथी म्हणतात. घराघरांत मात्र 'थायरॉईड' हाच शब्द रूढ झाला आहे. तिचा रस कमी पडला की शरीराची सारी कामे संथ होतात, आणि मुलाच्या बाबतीत त्याचे वाढणेच थांबते. हा रस बनविण्यास आयोडीन लागते. ते अन्नातून पुरेसे मिळाले नाही तर, मिळेल तेवढे पकडून ठेवण्यासाठी ग्रंथी आपला आकार वाढविते. गळ्यावर दिसणारी गाठ ही तिच्या या धडपडीची खूण असते. परंतु प्रत्येक गाठ आयोडीनच्या अभावाचीच असते असे नव्हे. १९१२ साली हाशिमोतो या जपानी वैद्याने वर्णिलेल्या विकारात शरीरातील रक्षक पेशी आपल्याच ग्रंथीवर उलटतात. आमच्या वाड्यातील मुलीचे दुखणे या दुसऱ्या जातीचे होते, असे तिच्या डॉक्टरांचे मत होते. शहरांतून आज वयात येणाऱ्या मुलींचे गळे फुगतात त्यांतही या विकाराचा वाटा मोठा आहे. तेव्हा तिच्या दुखण्याचा दोष आम्ही पायरीवरच्या पोत्यास देत नाही. तिचे दैव असे की मेंदूची मुख्य घडण होऊन गेल्यावर रस कमी पडला. म्हणून गोळीने तिची बुद्धी जशीच्या तशी परत आली. हाच रस गर्भात किंवा जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यांत कमी पडता, तर मागाहून दिलेल्या गोळ्यांनी फारसे काही साधले नसते. हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढील सारा इतिहास त्याच्याभोवती फिरतो.

आपल्याकडे गलगंड फार जुना. सुश्रुताने निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात त्याचे वातज, कफज व मेदोज असे भेद सांगितले असून चिकित्सास्थानात उपचारही दिले आहेत. गलगंड व गंडमाळा या दोन वेगळ्या व्याधी आहेत, हेही जुन्या वैद्यांस ठाऊक होते. गंडमाळा म्हणजे मानेतील गाठींची माळ. ती पुष्कळदा क्षयाची असते. हा विवेक पुढे लोकव्यवहारातून पुसला गेला आणि आमच्या वाड्यात दोहोंस एकच गंडा पुरला.

युरोपात आल्प्सच्या खोऱ्यांतून गलगंड इतका सर्रास होता की, त्याकडे कोणी रोग म्हणून पाहतच नसे. तेथेच ठेंगणी, मुकी-बहिरी व जडबुद्धीची माणसे पिढ्यान्‌पिढ्या जन्मास येत, आणि प्रवासी त्यांची वर्णने लिहून नेत. १८११ मध्ये कूर्त्वा नामक फ्रेंच रसायनकारास समुद्रशेवाळाच्या राखेतून जांभळी वाफ निघताना दिसली. नेपोलियनच्या तोफांसाठी सोरा तयार करण्याच्या उद्योगात हे आयोडीन सापडले. गलगंडावर जळका स्पंज देण्याची चाल जुनीच होती; त्यातील गुणकारी द्रव्य हेच असावे असा तर्क करून जिनीव्हाच्या क्वँदे या वैद्याने १८२० मध्ये रोग्यांना आयोडीन देण्यास आरंभ केला. गुण आला, पण मात्रेचा अंदाज नसल्याने काहींना अपायही झाला, आणि औषध बदनाम झाले. पुढे थोड्याच वर्षांत बुसँगो याने दक्षिण अमेरिकेत पाहिले की, विशिष्ट खाणींचे मीठ खाणाऱ्या गावांत गलगंड नाही. त्या मिठात आयोडीन होते. तसे मीठ सर्वांना द्यावे, अशी सूचनाही त्याने केली. ती स्वित्झर्लंडमध्ये अमलात यावयास १९२२ साल उजाडले. नव्वद वर्षे ही सूचना कागदावर पडून होती, आणि तेवढ्या काळात किती मुले जन्मली असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

या नव्वद वर्षांतील एक प्रसंग आम्हांस विशेष वाटतो. बर्न येथील कोखर हा त्या काळचा अवटु ग्रंथीवरील शस्त्रक्रियेचा आचार्य. १८७४ मध्ये त्याने अकरा वर्षांच्या एका मुलीची फुगलेली ग्रंथी समूळ काढून टाकली. शस्त्रक्रिया उत्तम झाली. गळा सपाट झाला. पुढे तिच्या गावच्या डॉक्टरांकडून त्यास कळले की, मुलगी बदलली आहे. तेव्हा १८८३ मध्ये त्याने आपल्या जुन्या रोग्यांना परत बोलावून तपासले. ती मुलगी वाढावयाची थांबून सुजट व मंद झाली होती, आणि तिची धाकटी बहीण तिच्या डोक्यावरून वाढून गेली होती. ग्रंथी समूळ काढलेल्या इतर अनेकांचीही तीच दशा त्यास दिसली. कोखरने हे लपविले नाही. जर्मन शस्त्रवैद्यांच्या सभेत स्वतःच्याच कृतीचा हा परिणाम त्याने जाहीर केला आणि पूर्ण ग्रंथी काढण्याचे सोडून दिले. १९०९ मध्ये त्यास नोबेल पारितोषिक मिळाले ते याच ग्रंथीवरील कार्याबद्दल. पण आम्हांस त्याचा मोठेपणा त्या सभेत अधिक दिसतो. ती निरुपयोगी मांसाची गाठ नसून मुलाची वाढ तिच्यावर अवलंबून आहे, ही गोष्ट जगास त्या मुलीच्या नुकसानीतून कळली. १८९१ मध्ये इंग्लंडात जॉर्ज मरे याने मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून एका बाईस बरे केले. शेकडो मेंढ्यांच्या ग्रंथींवर ती पुढे अठ्ठावीस वर्षे जगली. १८९५ मध्ये बाउमान यास ग्रंथीतच आयोडीन सापडले आणि धागा जुळला. १९१७ पासून अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावच्या शाळांत मरीन व किंबल यांनी मुलींना वर्षातून दोनदा थोडे थोडे आयोडीन दिले. न घेणाऱ्या २,३०५ मुलींपैकी ४९५ जणींना गलगंड झाला. घेणाऱ्या २,१९० मुलींपैकी अवघ्या पाच जणींना.

हिंदुस्थानात याच सुमारास रॉबर्ट मॅकॅरिसन नावाचा तरुण लष्करी डॉक्टर गिलगिट व चित्रळ येथे काम करीत होता. तेथील जन्मजात मंद व मुक्या मुलांवरचा त्याचा निबंध १९०८ मध्ये प्रसिद्ध झाला. या विकाराचे दोन प्रकार त्याने त्यात वेगळे काढले, ते आजही मानले जातात. गिलगिटला एकाच कालव्यावर आठ वस्त्या होत्या, आणि वरच्या वस्तीचे सांडपाणी खालची वस्ती पिई. वरून खाली जावे तसतसे गलगंडाचे प्रमाण वाढत गेलेले त्यास आढळले. यावरून पाण्यातील जंतू हेच कारण, असा त्याने निष्कर्ष काढला आणि त्या पाण्याचा गाळ स्वतः पिऊन पाहिला. निरीक्षण अचूक, धैर्य अलौकिक, आणि निष्कर्ष बहुतांशी चुकलेला! इतिहासाच्या विद्यार्थ्यास असे प्रसंग वारंवार भेटतात. आम्ही स्वतः अशा चुका केल्या आहेत, मात्र गाळ न पिता.

स्वातंत्र्यानंतर डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांचे सहकारी यांनी कांग्रा खोऱ्यात जे केले ते या विषयात जगभर आदराने सांगितले जाते. १९५६ मध्ये सुमारे लाखभर वस्तीच्या त्या प्रदेशाचे त्यांनी तीन विभाग केले. तिन्हींत शाळकरी मुलांपैकी शेकडा अडतीसच्या आसपास मुलांना गलगंड होता. दोन विभागांत आयोडीनयुक्त मीठ पाठविण्यात आले, तिसऱ्यात साधे. पाच-सहा वर्षांनी पाहतात तो, पहिल्या दोहोंत प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहून खाली आले आहे आणि तिसऱ्यात होते तेथेच आहे. मग तिसऱ्या विभागासही तेच मीठ मिळाले आणि तेथेही गळे उतरू लागले. या पुराव्याच्या बळावर १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. या प्रयोगाची थोरवी आम्ही जाणतो. तरी त्या तिसऱ्या विभागात त्या पाच-सहा वर्षांत ज्या स्त्रिया गरोदर होत्या त्यांचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. एका खोऱ्याने वाट पाहिली म्हणून सबंध देशास उत्तर मिळाले. हा सौदा न्याय्य होता की नाही, हे ठरविणे आम्हांस जमलेले नाही.

पुष्कळ दिवस अशी समजूत होती की, गलगंड हा हिमालयाच्या पायथ्याचा रोग. बर्फ व पूर जमिनीतील आयोडीन धुऊन नेतात, आपल्या दख्खनला त्याचे काय? मग एकेक नावे पुढे येऊ लागली. गुजरातेत भडोच, केरळात चक्क समुद्रकाठचा एर्नाकुलम जिल्हा, आणि महाराष्ट्रात औरंगाबाद, म्हणजे आजचा छत्रपती संभाजीनगर जिल्हा. सोलापूरहून एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावरचा तो मुलूख. काळ्या मातीवरील विश्वास तेव्हापासून डळमळला. १९८३ नंतर केवळ पहाडी जिल्ह्यांना नव्हे तर सर्व देशाला आयोडीनयुक्त मीठ द्यावे असे धोरण ठरले व खासगी कारखान्यांनाही त्यात घेण्यात आले. त्याच वर्षी बेसिल हेट्झेल या ऑस्ट्रेलियन वैद्याने 'आयोडीनन्यूनतेचे विकार' हा शब्दप्रयोग रूढ केला, आणि १९९२ मध्ये आपल्या कार्यक्रमाच्या नावातूनही 'गलगंड' जाऊन ते शब्द आले. नावे बदलण्याची सरकारी हौस आम्हांस एरवी रुचत नाही. पण येथे नाव बदलले ते दृष्टी बदलली म्हणून. इतके दिवस सारे गळ्याकडे पाहत होते. गळा सपाट असलेल्या मुलाचेही डोके थोडे मंद राहू शकते, आणि असे मूल कोणाच्या नजरेस येत नाही. ते केवळ परीक्षेत मागे पडते, छडी खाते आणि शाळा सोडते. मुलांच्या गळ्यांची मोजणी चालू राहिली, पण ती आता न दिसणाऱ्या नुकसानीचा माग म्हणून.

मीठच का निवडले? गरीब-श्रीमंत सर्व खातात, रोज खातात, आणि जवळजवळ सारख्याच प्रमाणात खातात, म्हणून. माणसास उभ्या जन्मात लागणारे आयोडीन एका चहाच्या चमच्यात मावते. पण ते एकदम खाऊन भागत नाही, रोजच्या रोज कणभर लागते. घरी पोचलेल्या दहा लक्ष भाग मिठात निदान पंधरा भाग आयोडीन असावे, असे आपल्याकडील प्रमाण आहे. परंतु जे सर्वांच्या ताटात आहे त्यावर सर्वांचा हक्कही आहे, आणि सोलापूरकरास मिठाच्या कायद्याचे नाव काढले की आणखीही काही आठवते. दांडीस ६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी मूठभर मीठ उचलले; मे महिन्याच्या आरंभी त्यांना अटक झाल्याची बातमी आली आणि समुद्रापासून इतक्या दूरचे हे गिरणगाव पेटले. लष्करी कायदा पुकारला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन हे चौघे १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फासावर गेले. त्यांच्या पुतळ्यांवरून आम्ही रोज जातो. अशा गावात, सरकारने सांगितलेलेच मीठ खावे, हे वाक्य उच्चारताना जीभ अडखळते.

ती इतरांचीही अडखळली. साध्या मिठाच्या विक्रीवरील बंदी केंद्र सरकारने २००० मध्ये उठविली. बालकांच्या वैद्यांनी व आहारतज्ज्ञांनी ओरड केल्यावर ती मे २००६ पासून पुन्हा आली. आमच्या पायरीवरचे पोते दिसेनासे झाले ते साधारण त्याच सुमारास. नागपूरच्या अ‍ॅकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इंप्रूव्हमेंट या संस्थेने व इतरांनी या सक्तीस सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. ज्यांना आयोडीनची उणीव नाही त्यांनी ते का खावे, लहान मिठागरवाल्यांनी यंत्रे कोठून आणावीत, मोठ्या कंपन्यांच्या हाती मीठ का द्यावे, असे आक्षेप घेतले जात होते, आणि ते हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते. जुलै २०११ मध्ये न्यायालयाने तो नियम रद्द ठरविला. मात्र त्याचे कारण असे की, भेसळविरोधी कायद्याखाली अशी बंदी घालण्याचा सरकारला अधिकार नव्हता. आयोडीन निरुपयोगी आहे असे न्यायालयाने कोठेही म्हटलेले नाही. उलट, दुसरी व्यवस्था होईपर्यंत सहा महिने बंदी चालू ठेवण्याची मुभाही त्याने दिली. त्याच वर्षी अन्नसुरक्षेच्या नव्या कायद्याखालील नियमांत ती बंदी पुन्हा समाविष्ट झाली, आणि ती आजही आहे.

आमचे मत आम्ही लपवीत नाही. १९३० चा कायदा गरिबाच्या मिठातून तिजोरी भरीत होता. हा कायदा त्या मिठात काही घालतो. दोन्हींस सक्ती म्हणता येईल, पण दोन्हींचा भार कोणावर पडतो ते वेगळे आहे. प्रौढ माणूस आपल्या जिवाचा मुखत्यार आहे, हे खरे. परंतु ज्याच्या मेंदूची घडण चालू आहे ते मूल पोटात असते; दुकानात कोणती पिशवी उचलावी हे त्यास कोणी विचारीत नाही, आणि चूक झाली तर ती पुढे निस्तरता येत नाही. आयोडीन वाढल्यावर काही देशांत ग्रंथीचे दुसरे विकार थोडे वाढलेले दिसले, हेही नमूद केले पाहिजे. त्यावर मात्रा राखणे हा उपाय आहे, मीठ टाकणे हा नव्हे. मिठागरवाल्यांची तक्रार मात्र आजही उभी आहे. त्यांना यंत्र व पोटॅशियम आयोडेट पुरविणे हे सरकारचे काम होते, आणि ते मनापासून झाले असे आम्हांस वाटत नाही. २०१८-१९ च्या देशव्यापी पाहणीत पुरेसे आयोडीन असलेले मीठ शेकडा सुमारे ७६ घरांतच आढळले. उरलेल्यांत पुष्कळशी गरिबांची घरे असतील. त्यांत आता गुलाबी मिठाच्या सुबक पिशव्यांची भर पडत आहे, आणि ही भर आपल्यासारख्यांच्या घरांतून होत आहे. सैंधव आमच्या आजीसही ठाऊक होते. उपवासाला व पोटदुखीला ती ते वापरी. पण त्यात मुळातले आयोडीन नाममात्र असते, आणि घरात कोणी गरोदर असताना रोजच्या आमटीत तेच पडू लागले तर शहरातही कांग्र्याचा तिसरा विभाग तयार व्हावयास वेळ लागणार नाही.

जन्मतःच ज्यांची ग्रंथी नाही किंवा चालत नाही, त्या बालकांस अर्थात मिठाने काही होत नाही. आपल्या देशात हजार-बाराशे जन्मांमागे असे एक मूल असते, असे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीत दिसले. ते जन्मतः बहुधा अगदी निरोगी दिसते. लक्षणे उमटेपर्यंत वेळ निघून जाते. १९७४ च्या सुमारास कॅनडातील क्वेबेक प्रांतात टाचेतील रक्ताच्या थेंबावरून त्याची परीक्षा सुरू झाली, मुंबईत डॉ. मीना देसाई यांनी ऐंशीच्या दशकात हे काम हाती घेतले. गोव्याच्या सरकारने २००८ मध्ये नवजात बालकांसाठी अशी तपासणी सुरू केली. दोन-तीन आठवड्यांच्या आत गोळी सुरू झाली तर ते मूल इतरांसारखेच शिकते. महाराष्ट्रात ही तपासणी अजून प्रत्येक पाळण्यापर्यंत पोचलेली नाही. पुष्कळ ठिकाणी ती मागून घ्यावी लागते.

आमच्या वाड्यातील त्या मुलीची मुलगी गेल्या वर्षी पुण्यास बाळंत झाली. तिसऱ्या दिवशी या बाईंनी दवाखान्यात बाळाच्या टाचेतील रक्त घेण्याचा आग्रह धरला. घराण्यात असे काही आहे काय, असे तेथे विचारले गेले. त्यांनी आपल्या पर्समधून रोजच्या गोळ्यांची बाटली काढून टेबलावर ठेवली. आठवड्याने निकाल आला तेव्हा सर्वांच्या आधी त्यांनी आम्हांस दूरध्वनी केला. बाळाचे सर्व ठीक आहे एवढे सांगून झाल्यावर, पुढच्या रविवारी पत्ते काढून ठेवा, असेही बजावले.